मुलुंडच्या गच्चीवरचा गहू

माझं गव्हाचं पहिलं पीक घुशींनी खाल्लं. घाटकोपरच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते आणि नोकरी करता करता एम.एस्सी.चं संशोधन करत होते. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीलगत तेलाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून मी गहू लावला होता. ओंब्या नुकत्या बाहेर डोकावत होत्या. सोमवारी सकाळी बघते तर निम्मी रोपं बुंध्याशी कुरतडून आडवी पडलेली. उरलेल्यांवर आम्ही जाळी टाकली, विषाच्या गोळ्या ठेवल्या. घुशींनी गोळ्या तशाच ठेवल्या आणि पुढच्या सोमवारपर्यंत गहू संपवला.

माझे मार्गदर्शक सर शांत स्वभावाचे. त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "विषय बदला. मुंबईत गहू हा हट्ट झाला. खारफुटी घ्या. भांडुपच्या खाडीत पाहिजे तेवढी आहे. पाणी घालायला नको, राखण नको."

"सर, खारफुटी मी रोज खात नाही," मी म्हटलं.

ते हसले, पण मान हलवली. "म्हणजे आणखी एक वर्ष जाईल. घरी चालेल?"

"चालवीन."

माझा प्रश्न तसा साधा होता आणि तो मला वर्गातच सापडला होता. प्रॅक्टिकलला मुलांना गव्हाचं रोप दाखवताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, ओंबी हिरवी आहे, मग खालची पानं आधी का पिवळी पडतात?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं, की त्यांचं वय झालं. उत्तर देतानाच ते मला पोकळ वाटलं. वय झालं म्हणजे काय झालं? पानात जे होतं ते गेलं कुठे?

वाचत गेले तसं थोडं थोडं कळलं. रोप कोवळं असताना मुळं जमिनीतून नत्र ओढतात आणि तो पानांत साठतो. साठतो म्हणजे पोत्यात भरून ठेवल्यासारखा नव्हे. त्याची प्रथिनं होतात आणि उन्हात अन्न बनवायचं काम तीच प्रथिनं करतात. फुलोरा आला, दाणा धरला, की झाड हीच प्रथिनं मोडायला घेतं. त्यांचे बारीक तुकडे रसातून देठात, देठातून ओंबीत आणि ओंबीतून दाण्यात जातात. तिथे त्यांची पुन्हा प्रथिनं होतात. कणीक मळताना जो चिकटपणा हाताला लागतो, तो त्यांचाच. मला शोधायचं होतं ते एवढंच: दाण्यातला नत्र किती या जुन्या साठ्यातून येतो, आणि किती मुळं त्या शेवटच्या दिवसांत नव्याने आणतात? आणि आपल्याकडे हिवाळा संपता संपता ऊन अंगावर येतं, तेव्हा या सगळ्याचं काय होतं?

दुसऱ्या वर्षी मी डबे घरी आणले. आम्ही मुलुंडला एका तीन मजली सोसायटीत राहायचो; मी, नवरा आणि सासूबाई. गच्ची सगळ्यांची होती, म्हणून सेक्रेटरींकडे गेले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"गहू? गच्चीवर? तुम्ही काय गिरणी काढताय?"

"प्रयोग आहे, काका. मार्चमध्ये सगळं उचलेन."

"उचलाल ना नक्की? आणि कचरा झाला तर मी ऐकून घेणार नाही."

नवऱ्याने रविवारभर वाळू वर चढवली. भांडुपच्या कारखान्यात त्याची पाळी असायची, सुटीचा तेवढा एकच दिवस. वाळू आम्ही आधी आम्लाने आणि मग पाण्याने धुऊन काढली होती, कारण तिच्यात स्वतःचा नत्र असता तर माझा सगळा हिशोब चुकला असता. झाडांना जे मिळेल ते मी विरघळवून दिलेल्या पाण्यातूनच मिळायला हवं होतं. डबे गंजू नयेत म्हणून आतून काळा रंग दिला. नवरा हात पुसत म्हणाला, "लोक गच्चीवर गुलाब लावतात यार."

"गुलाबाचा मार्चमध्ये दाणा भरत नाही."

"ते पण खरंच," म्हणत तो पुढचं घमेलं आणायला उतरला.

सासूबाई मालवणकडच्या, भात खाणाऱ्या. पहिल्यांदा वर आल्या तेव्हा कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "काय गो, ह्यां गवत कित्याक लावलंस?"

"आई, गवत नाही. गहू आहे."

"गवतच तां," त्या म्हणाल्या. पण ओंब्या आल्यावर चिमण्यांचा त्रास सुरू झाला, तेव्हा जुनी मच्छरदाणी त्यांनीच शोधून काढली. तिची भोकं शिवली, चार बांबूंना बांधून डब्यांवर ताणली. मी कॉलेजात असताना त्या दुपारी वर जाऊन बसू लागल्या. पापडही वाळायचे आणि राखणही व्हायची.

जानेवारी सरता सरता फुलोरा आला. आता खरा प्रयोग सुरू होणार होता. निम्म्या डब्यांतली वाळू भरपूर पाण्याने धुऊन तिच्यातला नत्र काढून टाकायचा आणि पुढे त्या झाडांना बाकी सगळं द्यायचं, नत्र मात्र नाही. उरलेल्या डब्यांना आधीसारखंच सगळं. उपाशी डबे आणि खाऊनपिऊन डबे, अशी नवऱ्याने त्यांची वाटणी केली होती.

धुण्याच्या दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दार वाजवलं. त्यांच्या बेडरूमच्या छतावर ओलीचा डाग उतरला होता. "तुझ्या शेताचं पाणी माझ्या पलंगावर गळतंय," त्या म्हणाल्या. मागे सेक्रेटरी उभे.

"रविवारपर्यंत डबे खाली," त्यांनी सांगितलं. "मी आधीच बोललो होतो."

"काका, आत्ता हलवले तर सगळं वाया जाईल. फुलोऱ्यात आहेत. आमच्या घरात ऊन येत नाही."

"त्याला मी काय करू? गच्ची फुटली तर खर्च तुम्ही करणार का?"

त्या दोघांचंही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. छत गळत होतं हे खरंच होतं. घरात येऊन मी दार लावलं आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. पुन्हा एक वर्ष? सरांनी दिलं असतं, पण मला स्वतःला ते देता आलं नसतं. नवरा कामावरून आला तेव्हा मी तशीच उभी होते. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "पाणी खरंच तुझ्याच डब्यांचं आहे का?"

"मला तसं वाटत नाही. डाग आहे तिथून माझे डबे लांब आहेत. त्या बाजूला टाकी आहे."

"मग वाटतंय म्हणून सांगू नको. दाखव."

सकाळी मी काकूंकडे गेले आणि एक आठवडा मागितला. "आठवडाभर माझ्या डब्यांचा एक थेंब गच्चीवर पडणार नाही. तरी डाग वाढला तर तो माझा नाही. नाही वाढला तर मी स्वतः डबे उतरवते." काकूंनी वर छताकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बघू. सेक्रेटरींना मी सांगते. पण गादी माझी भिजतेय, लक्षात ठेव."

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी विटा मांडल्या, त्यांवर फळ्या टाकल्या आणि एकेक डबा उचलून फळीवर ठेवला. देठ मोडू नयेत म्हणून सासूबाई दोन्ही हातांनी ओंब्या धरून बरोबर चालत होत्या. प्रत्येक डब्याच्या तळाच्या भोकाखाली भांडं ठेवलं. घरातल्या परातींपासून जुन्या घमेल्यांपर्यंत सगळं वर गेलं. काही दिवस आम्ही कणीक पातेल्यातच मळली. निथळलेलं पाणी मी सकाळ-संध्याकाळ बादलीत ओतून खाली आणायचे. डब्यांखालची गच्ची खडखडीत कोरडी राहिली.

आठवड्याने काकूंनी मला आत बोलावलं. डाग पलंगाच्या टोकापर्यंत पसरला होता. त्यांनी तिथूनच सेक्रेटरींना हाक मारली. "वर चला आणि टाकी बघा. या बाईला उगाच बोललो आपण." टाकीच्या बुडाशी पाइपाचा जोड झिरपत होता, पाणी प्लास्टरच्या आतून उतरत होतं. प्लंबर आला, सोसायटीला दोन दिवस पाणी नव्हतं. त्या दोन दिवसांत सेक्रेटरींनी आपल्या पिंपातलं पाणी माझ्या गव्हासाठी पाठवलं. माफी वगैरे मागितली नाही. बादली दारात ठेवून म्हणाले, "हे घ्या. तुमचं ते शेत वाळायला नको."

फेब्रुवारीत मी रोज कामावर जाण्याआधी वर जायचे. उपाशी डब्यांत पिवळेपणा खालून वर चढत होता. सगळ्यात खालचं पान आधी टोकाकडून फिकं झालं, मग वाळलं. मग त्याच्या वरचं. ओंबीच्या लगेच खालचं शेवटचं पान मात्र बरेच दिवस हिरवं राहिलं. ते उन्हात अन्न बनवत राहिलं, आणि खालची पानं रिकामी झाल्यावरच त्यानेही आपलं द्यायला घेतलं. खाऊनपिऊन डबे गर्द हिरवे होते. बघणारा प्रत्येक जण त्यांचंच कौतुक करायचा. मलाही वाटत होतं, दाण्यात हेच पुढे जाणार.

मग मार्च सुरू होताच तापलं. एकाएकी गच्चीवर पाय ठेववेना. हिरवे डबे चार-पाच दिवसांत करपले. पानं पिवळी व्हायला थांबलीच नाहीत, हिरवीच्या हिरवी सुकली. सासूबाई म्हणाल्या, "वाट लागली गो." दाणे दाताखाली कडक लागले तसं कापून घेतलं. प्रत्येक डब्याची पानं वेगळी, देठ वेगळे, ओंब्या वेगळ्या, कागदी पिशव्यांत भरून घाटकोपरला नेलं.

पुढचे दोन महिने मी प्रयोगशाळेत काढले. वाळवायचं, दळायचं, त्या पुडीला गंधकाच्या तीव्र आम्लात उकळायचं. आधी सगळं डांबरासारखं काळं होतं, मग तपकिरी, आणि शेवटी नितळ हिरवट. तेवढं झालं की त्यात कॉस्टिक सोडा घालून वाफ सोडायची. नत्र अमोनिया होऊन वाफेबरोबर निघतो, तो दुसऱ्या भांड्यात धरून थेंबाथेंबाने मोजायचा. धूर बाहेर टाकणारा पंखा बंद पडलेला होता, म्हणून खिडक्या उघड्या ठेवून तोंडाला ओला रुमाल बांधायचे. दोन सुती साड्यांची चाळण झाली. कुणी विचारलं तर मी सांगायचे, गव्हाने खाल्ल्या.

आकडे आले तेव्हा आधी मला वाटलं, माझंच मोजायला चुकलंय. पुन्हा केलं. तेच आलं. उपाशी डब्यांचे दाणे वजनाला कमी भरले होते, पण त्यांतल्या नत्राचं प्रमाण हिरव्या डब्यांच्या दाण्यांच्या अगदी जवळ होतं. त्यांची पानं आणि देठ मात्र जवळजवळ रिकामे. फुलोऱ्यानंतर मुळांतून काहीही न मिळता त्या झाडांनी साठवलेलं सगळं दाण्यात पोचवलं होतं. हिरव्या डब्यांनी एकूण नत्र जास्त घेतला होता, पण त्यातला मोठा वाटा पानांतच अडकून राहिला. त्यांनी हलवायला उशिरा घेतलं आणि ऊन आधी आलं. आमच्या गच्चीवर, आमच्या मार्चमध्ये, शेवटी दिलेलं जादा खत बरंचसं काडात गेलं होतं.

कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी उभ्याने वाचायला सुरुवात केली आणि मग खुर्ची ओढली. "हिरव्या पानांत एवढा राहिला? नक्की?"

"दोनदा केलंय, सर."

"तिसऱ्यांदा करा. बाहेरचे परीक्षक हेच विचारणार."

तिसऱ्यांदा केलं.

तोंडी परीक्षेला पंजाबकडे बरीच वर्षं गव्हावर काम केलेले परीक्षक आले. माझा प्रबंध त्यांनी बाजूला सारला आणि पहिलाच प्रश्न टाकला: "गव्हाच्या प्रदेशात गहू लावायचा सोडून मुंबईच्या गच्चीवर लावण्यात अर्थ काय?"

सर माझ्याकडे बघत होते. ही वेळ येणार हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "तुमच्याकडे झाडाला सावकाश द्यायला वेळ मिळतो. आमच्याकडे मिळत नाही. म्हणून घाई झाल्यावर झाड आधी काय हलवतं आणि काय मागे राहतं, ते आमच्याकडे दिसतं."

त्यांनी प्रबंध पुन्हा पुढे ओढला. मग म्हणाले, "हिरव्या डब्यांचा तक्ता दाखवा." त्या तक्त्यावर आम्ही पुढचा पाऊण तास बोललो. देठ हा साठवणीचा मधला टप्पा आहे का, दाणा ओढतो म्हणून पान देतं की पान देतं म्हणून दाणा घेतो, असे प्रश्न. काहींची उत्तरं मला आली. बाकीच्यांना मी "माहीत नाही" म्हटलं आणि ते कसं शोधता येईल ते सांगितलं. उठताना त्यांनी प्रबंध सरांच्या हातात दिला आणि म्हणाले, "या बाईंना पुढे पीएच.डी. करू द्या. थांबवू नका."

बाहेर व्हरांड्यात नवरा अर्धी रजा टाकून आला होता. माझा चेहरा बघून त्याने विचारलं, "झालं?"

"झालं. पीएच.डी. करणार आहे."

"कशावर?"

"गव्हावरच."

त्याने डोळे मिटून घेतले, मग हसला. "मग वाळू बदलावी लागेल. जुनीत तुझ्या खताच्या पाण्याचं मीठ बसलंय. या रविवारी नवी आणून चाळू, चालेल?"