अहो, मशीन घाला आणि नळदुर्गला चला

भाद्रपदात येडशीहून आईचा फोन आला. बोरी नदी भरलीय, नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू झालेत म्हणाली. मग आवाज उतरला. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कानाचं मशीन आणलंय, पण ते खिशातच असतं. बोलून बोलून ती दमली आणि आता बोलतच नाही. आई गप्प बसलीय, ही बातमी मला पचणारी नव्हती. शुक्रवारीच पुण्याहून गाडी काढली.

शनिवारी सकाळी आधी जवळचं रामलिंगाचं देऊळ. गर्द झाडी, पायऱ्या आणि माकडंच माकडं. हातात पिशवी ठेवू नका, हा अनुभवाचा सल्ला. आण्णा केळी घेऊन पुढे निघाले आणि मागून एक माकड. आईनं जोरात "अहो!" अशी हाक मारली. पाच-सहा पुरुषांनी वळून पाहिलं, आमचे आण्णा सोडून. केळी गेली. नारळवाली म्हणाली, "मावशी, नाव घिऊन हाक मारा की."

"बावन्न वर्षांत मारली न्हाय, आता केळ्यासाठी मारू व्हय?" आई म्हणाली. मी हसून हसून पायरीवरच बसले.

धाराशिवला गुलाबजामसाठी थांबलो. आण्णांना साखर असल्यामुळे एकच, असं आईनं बजावलं. त्यांनी ऐकू न आल्यासारखं करून दोन खाल्ले. तिथून तुळजापूरमार्गे तासा-सव्वा तासात नळदुर्ग. हायवेच्या ढाब्यावर भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. दीडशेत माणसाचं पोट भरतं.

आमच्या घरात नळदुर्गचा एक जुना वाद आहे. नव्या लग्नात दोघं जावा-नणंदांबरोबर इथं आले होते. पाणी महालात जावांनी आईला उखाण्याचा आग्रह केला. तिनं घेतला, सगळ्या हसल्या आणि आण्णा म्हणाले, पाण्याच्या आवाजात काही ऐकूच आलं नाही. तेव्हापासून दर संक्रांतीला ते तो उखाणा मागतात आणि ती म्हणते, एकदा घेतला तो घेतला.

किल्ल्याचं तिकीट काढून आत बरंच चालावं लागतं. पाणी महाल बंधाऱ्याच्या पोटात आहे, तिथं उतरायच्या पायऱ्या अरुंद आणि ओल्या. पकड असलेल्या चपला घाला. मी आण्णांचा हात धरायला गेले, त्यांनी झटकला. चौथ्या पायरीवर माझाच पन्नास वर्षांचा गुडघा कुरकुरला. मग त्यांनीच माझा हात धरला, मास्तरी थाटात, आणि खालपर्यंत सोडला नाही.

खिडकीसमोर पाणी कोसळत होतं. तोंडावर तुषार, अंगावर काटा, मला तर लहान मुलीसारखं नाचावंसं वाटत होतं. आण्णांनी नेहमीचीच मागणी केली. आईनं त्यांच्या खिशाकडे बोट केलं. कानाला बोट लावलं. आण्णांनी निमूटपणे मशीन काढलं आणि कानात घातलं. आईनं पदर सावरला.

"बोरी नदीचं पाणी पडतंय धो धो,
माणिकरावांचं नाव ओठात, वरून म्हणते अहो."

शेजारच्या अनोळखी बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई चक्क लाजली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी!

परतीच्या वाटेवर आई येडशीपर्यंत बोलत होती. आण्णांनी मशीन काढलं नाही. मला इतकं हलकं वाटत होतं की वळण चुकवून गाडी थेट ढोकीच्या रस्त्याला लावली. आईला त्याचंही हसू आलं.

घरी चहा पिताना आण्णा एकदम म्हणाले, "तू आज चुकलीस."

"काय चुकले?"

"ओठात न्हाय. तवा तू पोटात म्हणलीस."

आईचा कप हातातच राहिला. बावन्न वर्षं ऐकू आलं नव्हतं म्हणे! ती काहीतरी बोलणार होती, पण आधी तिनं हात पुढे करून त्यांच्या कानातलं मशीन नीट बसवलं.