टॉवेल-टोपीची कसोटी

ज्या वयात माणसे गुडघ्यांविषयी बोलतात, त्या वयात मी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास आरंभला. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेली. परंतु वर्गाबाहेर चार माणसांसमोर उभे राहण्याचे धैर्य माझ्यापाशी अजूनही कमीच. तरीही अंबड तालुक्यात, लेकीच्या सासरच्या गावी, या विषयाची तोंडओळख करून देण्याचे मी कबूल केले. कारण व्याह्यांना नकार देण्याचे धैर्य माझ्यापाशी त्याहून कमी होते.

मंदिराच्या सभामंडपात मला एकच मूळ प्रश्न समजावून द्यायचा होता: यंत्र माणसासारखे बोलते, म्हणून त्याला आत काही जाणवते असे म्हणता येईल काय? दोन पाने मी मान वर न करता वाचली. पुढच्या रांगेत कोणी तरी घोरू लागले. आता व्याख्यान आवरते घ्यावे, असे मनात आले.

तेवढ्यात व्याही उठले. पुढच्या रांगेतल्या प्रत्येकाला, घोरणाऱ्यालाही, त्यांनी टॉवेल-टोपी दिली आणि मला वगळले. आमच्या भागात व्याह्याचा मान चुकला, तर नातवंडांच्या लग्नातही ते काढले जाते. सभामंडप खडबडून जागा झाला.

व्याह्यांनी माझा मोबाईल, त्यातले बोलणारे यंत्र चालू करून, तोंडाशी धरला.

"काय रे, सगळ्याला टोपी दिली, तुला न्हाई. राग आला का?"

"मुळीच नाही. आपला कार्यक्रम छान होवो," मोबाईल उत्तरला.

"आन् इवाई, तुमाला?"

"मुळीच नाही," मी म्हणालो.

"घ्या! दोघं बी एकच बोलून राह्यले. मंग कोणाच्या आत काय हाये, वळखायचं कसं?"

"कान बघा की त्यांचे!" बायकांतून विहीणबाई कडाडल्या. "लालबुंद झालेत. बिलकुल खोटं बोलून राह्यले इवाई!"

हशा ओसरेना. त्यातूनच माझ्या लेकीने, डोक्यावरचा पदर सावरत, सासरच्यांच्या देखत मला विचारले, "पण बाबा, उद्या मोबाईलला लाल होणारे कान बसवले, तर?"

मी कागद बाजूला ठेवला.

"ठाऊक नाही," मी म्हणालो. "खरा अभ्यास तिथूनच सुरू होतो."

व्याह्यांनी मागून टोपी आणून माझ्या डोक्यावर चढवली आणि पार कानांवर ओढली.

"झाकले," ते म्हणाले. "आता बोला बिनधास्त."