हौदातले पाच डाग

रिपोर्ट आधीच टाइप होऊन तयार होता. मी फक्त खाली सही करायची होती.

"गवंड्याने निकृष्ट रेती वापरली, असं लिहिलंय," आमचे असिस्टंट इंजिनियर साहेब म्हणाले. "मालगुजार आपल्यातले आहेत. आजच सही करून टाका."

"साहेब, मी हौद अजून पाहिलेला नाही."

"मग जाऊन पाहा. सही आल्यावर करा."

ही गोष्ट इंग्रजांच्या वेळची. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि मी ओव्हरसियर होतो. ओव्हरसियर म्हणजे साहेब आणि गवंडी यांच्यामध्ये उभा राहून दोघांच्या शिव्या खाणारा माणूस. सडक अर्जुनीच्या अलीकडे एका मालगुजारांनी, म्हणजे बऱ्याच गावांच्या जमीनदारांनी, आपल्या बंगल्यामागे पोहण्याचा हौद बांधला होता. मोठे साहेब दौऱ्यावर येऊन त्यात पोहणार होते. त्याआधीच हौदाच्या पांढऱ्याशुभ्र गिलाव्यावर तांबडे डाग उमटले. खासगी हौदाशी सरकारी खात्याचा काय संबंध, असं विचारायची तेव्हा पद्धत नव्हती.

मी सायकलने पोचलो तेव्हा केशोरीचा दशरथ मिस्त्री हौदाच्या कडेला उकिडवा बसला होता. मी त्याला पंधरा वर्षं ओळखत होतो. त्याने बांधलेल्या दोन पुलांवरून आमच्या खात्याच्या गाड्या जात होत्या. आज त्याचे हात रिकामे होते. थापी, ओळंबा, रंधा, सगळी हत्यारं मालगुजारांनी काढून घेऊन कोठीत टाकली होती. शिवाय आपल्या सगळ्या गावांत दवंडी पिटवायची धमकी दिली होती, की या चोराला कुणी काम देऊ नये. गवंड्याच्या हातची थापी काढून घेतली की त्याच्याकडे उरतं काय? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"दशरथ, काय झालं?"

"काय सांगू जी. डाग आले."

"रेती कुठली?"

"चुलबंद नदीची. तीन पान्यानं धुतली. तुमाले त् माहीत आहे माझं काम."

तेवढ्यात मालगुजार व्हरांड्यातून खाली आले. मोठा माणूस, आवाजही मोठा. "ओव्हरसियर, पाहा, पाहा! लाल माती मिसळली या हरामखोरानं. मी काय आंधळा आहो काय?"

मी म्हटलं, "पाणी काढावं लागेल."

पाणी उपसायला चार गड्यांना अर्धा दिवस लागला. तोवर मी दोन साध्या गोष्टी करून पाहिल्या. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर ते भांड्यालाही तांबडं करतं. मी बंगल्यातला जुना पांढरा टब पाहिला. त्यात वर्षानुवर्षं तेच पाणी भरत होते आणि तो स्वच्छ होता. म्हणजे दोष पाण्याचा नव्हता. मग पाणी खाली गेल्यावर उघड्या पडलेल्या एका डागावर लिंबू चोळलं. गंज वरवरचा असेल तर लिंबाने जातो. हा फिका झाला, पण मधला ठिपका तसाच राहिला. म्हणजे गंज आतून येत होता.

मग मी हौदात उतरलो आणि डाग मोजले. पाच. चार कोपऱ्यांत चार आणि तळाच्या मधोमध एक. अगदी दोरी लावून आखल्यासारखे.

आता मला सांगा, रेती खराब असती तर डाग कसे आले असते? गोवर उठल्यासारखे, इथे दोन, तिथे दहा, कुठेही. निकृष्ट रेतीला हौदाचे कोपरे कसे समजले? हे कळायला इंजिनियरिंगची परीक्षा पास व्हावी लागत नाही, डोळे लागतात. आमच्या साहेबांनी ते गोंदियाच्या बंगल्यात खुर्चीवर ठेवून रिपोर्ट लिहिला होता.

"छिन्नी द्या," मी म्हणालो.

"कायले? गिलावा फोडता काय?" मालगुजार ओरडले.

"डाग पुसून उपयोग नाही. मूळ काढावं लागेल."

दशरथकडे मी पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, हा काहीतरी लपवतो आहे. त्या क्षणी माझाही विश्वास डळमळला, हे कबूल करतो. त्याची आजही लाज वाटते.

पहिला कोपरा मीच फोडला. दोन बोटं आत छिन्नी लोखंडावर वाजली. विटांच्या सांध्यात एक खिळा ठोकलेला होता. बाजारातला गोल नव्हे, भात्यावर घडवलेला चौकोनी खिळा. त्याच्या डोक्याला काळ्या दोऱ्याचा कुजका तुकडा चिकटला होता. चुन्याच्या गिलाव्यात ओल कायम असते. तिथे उघडं लोखंड राहिलं की ते गंजतं आणि गंज पाझरत बाहेर येतो. दुसऱ्या कोपऱ्यातही तसाच खिळा. पुढचे फोडण्याची गरजच नव्हती.

"बघा!" मालगुजार म्हणाले. "हे यानंच घातले. माझा हौद बिघडवाले."

पण त्यांचा आवाज आता तेवढा मोठा नव्हता.

दशरथ उठला. हात जोडून म्हणाला, "मालक, आता बोलू काय?"

मालगुजारांनी तोंड फिरवलं.

"जिवतीच्या अवसेले लोहार आला होता जी," दशरथ मला सांगू लागला. आमच्याकडे आषाढातल्या त्या अमावस्येला लोहार घरोघर फिरून चौकटीवर खिळा ठोकतो. घरातल्या पोराबाळांना काही बाधू नये म्हणून. "वर पत्र्याचा मांडव टाकून गिलाव्याचं काम चालू होतं. मालक म्हणले, हौदालेही ठोक, कोणी बुडाले नको. मी म्हणलो, मालक, ओल्या चुन्यात लोखंड नोका ठेवू, डाग येईन. मालक म्हणले, तुले अक्कल कोणी मांगली? वरून गिलावा कर आन् कोणाले सांगू नोको. सांगतलं त् खिळ्याचा असर जाते."

"अरे, मग हत्यारं नेली तेव्हा तरी बोलायचं!"

"कसा बोलू जी? मालकाची नात पोहून राहिली या हौदात. मी तोंड उघडलं आन् त्या लेकराले काही झालं त्?"

ज्या नातीसाठी हा माणूस चोर ठरायला तयार होता, तिचा आजोबा सगळं माहीत असून व्हरांड्यात बसून त्याला चोर म्हणत होता. मालगुजार विसरले असतील म्हणता? मुळीच नाही. खिळा वाजला तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला होता.

आणि यावर ते काय म्हणाले असतील?

"आता बोललास ना! आता काही झालं त् तूच जिम्मेदार!"

मी आयुष्यात मोठ्या लोकांसमोर फार कमी वेळा ओरडलो. त्या दिवशी ओरडलो. "आधी त्याची हत्यारं आणा!" हत्यारं आली. नोकराच्या हातून आली, माफी काही आली नाही.

दुरुस्ती दशरथनेच केली. दुसऱ्या कुणाला तो हात लावू देईना. प्रत्येक डागाभोवती चार बोटं गिलावा विटेपर्यंत काढला. खड्डा आत रुंद, तोंडाशी अरुंद ठेवला, म्हणजे नवा गिलावा सुटून पडत नाही. पाचही खिळे उपटले, गंज खरवडून धुतला, वीट दिवसभर भिजवली. मग चुना आणि विटेची भुकटी घोटून भरली, वरून पांढरा हात दिला, गुळगुळीत दगडाने घासली आणि पंधरा दिवस ओल्या पोत्यांखाली ठेवली. जोड कुठे आहे ते मलाही सांगता आलं नसतं.

पोती टाकायच्या आधी मालगुजार हौदाशी आले. लोहार सोबत होता. हळूच म्हणाले, "दशरथ, गिलावा ओला आहे तोवर पाच खिळे पुन्हा..."

दशरथने थापी खाली ठेवली. "ठोकू जी. पन हुकूम मोठ्यानं सांगा. ओव्हरसियर साहेब आहेत, हे चार गडी आहेत, लोहार आहे. सगळ्याइले आयकू जाऊ द्या."

मालगुजारांनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. मग पाठ फिरवून व्हरांड्यात गेले. लोहाराने न्हाणीघराच्या लाकडी चौकटीत एक खिळा ठोकला आणि तोही गेला.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'कारण : मालकाच्या हुकमाने पुरलेले पाच खिळे.' साहेबांनी ते खोडून 'कारण : अज्ञात' केलं. निकृष्ट रेती मात्र त्यांना काढावी लागली, कारण एक गंजका खिळा मी त्यांच्या टेबलावर कागदाशेजारी ठेवला होता.

पुढे नोकरीत मी एक नियम पाळला. मालक कानात सांगेल ते काम करायच्या आधी, तेच चारचौघांत मोठ्याने सांगायला लावायचं. बहुतेक वेळा ते काम करावंच लागत नाही.