मामेसासऱ्यांचं अठराशे एकतीस

जगात कुठेही कुणावर अन्याय झाला, की त्याचा राग आधी माझ्या मामेसासऱ्यांना येतो. ज्याच्यावर झाला त्याला मागाहून. त्यातही फ्रान्समधल्या अठराशे एकतीस सालावर त्यांचा जेवढा राग आहे, तेवढा सख्ख्या भाऊबंदांवरही नसेल. चूक माझीच. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. गांधीबागेमागच्या त्यांच्या घरी चहा पिताना एकदा बोलून गेलो, की त्या साली व्यापाऱ्यांनी ठरलेली मजुरी नाकारली म्हणून लियोनच्या रेशीम विणकरांनी बंड केलं, अख्खं शहर ताब्यात घेतलं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा मागावर जाऊन बसले. मग फौज आली आणि ती मजुरीही गेली. मामांनी कपबशी खाली ठेवली. मामा स्वतः विणकर, आणि त्यांचाही माग असाच थांबलेला. व्यापाऱ्याने ठरला भाव फिरवला, त्या दिवशी मामा अर्ध्या लुगड्यावरून उठले ते उठलेच. नऊ वर्षं ते लुगडं मागावर तसंच, चादरीखाली.

तेव्हापासून आमच्या डोक्याला ताप. फुटबॉलमध्ये फ्रान्स हरला की मामा गल्लीत पेढे वाटणार. एका तेराव्याच्या पंगतीत त्यांनी वाढप्याचा हात धरला, "त्याच वर्षी पॅरिसात लोकं चित्रांचं प्रदर्शन पाहून राहिले होते! लाज नाही वाटली?" वाढप्याने घाबरून दोन वडे जास्त टाकले. मामांनी ते रागारागाने खाल्ले. पण खरा संताप विणकरांवरच. "शहर हातात आलं होतं! मंग मागावर वापस गेले काहून? मले सांगा जवाईबापू, काहून?" मी कारणं द्यायचो, उपाशी पोरं, पुढारी नाही, फौजेची भीती. मामा एकेक कारण खोडून काढत आणि मलाच फितूर ठरवत. इतिहासाच्या मास्तरने किती ऐकून घ्यायचं?

यंदा त्यांच्या मुलाने माग काढून तिथे शिवणकामाचं दुकान टाकायचं ठरवलं. "काढा! जाळून टाका!" मामा कडाडले. माग निघायच्या आदल्या दिवशी त्यांची समजूत काढायला गेलो, तर आतून मागाची खडखड. सून हळूच म्हणाली, "आठ दिवसांपासून बसून राहिले. कोणाले सांगू नका म्हणते."

मामा घामाघूम होऊन पदर विणत होते. नऊ वर्षं ताणलेलं सूत जागोजागी तुटत होतं आणि प्रत्येक तार ते शिव्या घालत जोडत होते. मला पाहून धोटा थांबला.

"काय पाहून राहिले? अर्धं लुगडं मागावर ठेवून माणूस मरन कसा?" मग तुटलेली एक तार जोडत, खालच्या आवाजात, "म्हणूनच गेले असतीन जी ते बी."

मला खूप वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्यांना शहाणपणाची कारणं देत होतो.

संध्याकाळी लुगडं कापताना त्यांनी उभ्या धाग्यांचा वीतभर ताणा मागावर राखला. विणकर राखतोच, पुढच्या लुगड्याचे धागे त्याच टोकांना जोडायचे असतात. सकाळी माग निघणार होता, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी एकेक टोक सरळ केलं, झुपक्यांना गाठी मारल्या आणि वर चादर घातली.