कडेला झोपणारे धोंडूकाका

परवा शिवदास गावाहून आला तो बॅग खाली ठेवायच्या आधी आमच्या दारात उभा राहिला. "वहिनी, काका गेले. शिमगा झाला आणि लगेच." मी त्याला पाणी दिलं. आत माझी लेक मृणालिनी गृहपाठ करत होती. तिने मान वर केली नाही, म्हणून तिने ऐकलं नसावं असं मी धरून चालले.

धोंडूकाका शिवदासचे चुलते. उभी हयात परळला गिरणीत गेली. संपानंतर गिरणी उघडली, पण त्यांना काही बोलावणं आलं नाही. मग ते मुलुंडला पुतण्याकडे आले आणि भांडुपच्या एका वर्कशॉपात पत्रे कापायच्या मशीनवर हेल्पर म्हणून लागले. शिवदासची तळमजल्यावर एकच खोली. तिच्यात तो, त्याची बायको सुलक्षणा आणि दोन मुलं. काकांचं अंथरूण जिन्याखाली. होळी झाली की मात्र आम्हा सगळ्यांसारखेच तेही गच्चीवर यायचे.

आमचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. मे महिन्यात पंखा लावला तर वरून गरम हवाच अंगावर यायची. गच्चीशिवाय गत्यंतर नव्हतं. पण गच्चीला कठडा तीनच बाजूंना. सिमेंट परमिटवर मिळायचं त्या दिवसांत बिल्डरने चौथी बाजू 'नंतर करू' म्हणून सोडली आणि मग तो फिरकलाच नाही. पश्चिमेच्या त्या कडेला नुसत्या गंजक्या सळ्या उभ्या होत्या. वारा यायचा तो नेमका तिथूनच. तरी त्या बाजूला कोणी अंथरूण घालत नसे.

आणि माझी मृणालिनी झोपेत चालायची.

पहिल्या उन्हाळ्यात मी तिच्या पायाला परकराची नाडी बांधली आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला. ती कुशीवर वळली तरी मी दचकून उठायचे. आमचे हे म्हणायचे, "अगं, अशाने तू आजारी पडशील." काकांनी एका संध्याकाळी ती नाडी पाहिली. गच्चीवर पाणी मारायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. कामावरून आले की टाकीतून बादल्या काढून ते सगळी गच्ची भिजवत. पहिलं पाणी पडलं की फरशीतून वाफ निघे. दुसरं पाणी मात्र उजेड असतानाच मारायचं, नाहीतर अंथरुणं दमट होतात. उशी कठड्याकडे करायची नाही, भिंत रात्रभर ऊन ओकते. हे सगळं आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो.

तर नाडी बघून ते बादली ठेवून म्हणाले, "दावणीक गुरां बांधतत गो बाय, पोरां नाय."

"मग काय करू, काका? डोळा लागला आणि ही उठली तर?"

त्यांनी बादली उचलली. त्या रात्री सगळे आडवे झाल्यावर ते वर आले. एकटा पुरुष, बायकामुलांत कसं यायचं, म्हणून ते नेहमी सगळ्यांच्या शेवटी येत आणि उजाडायच्या आत चटई गुंडाळून खाली जात. त्या रात्री त्यांनी चटई घातली ती सळ्यांच्या बाजूला, अगदी कडेला, लांबच्या लांब. आमच्या अंथरुणांसमोरची उघडी जागा त्यांच्या अंगाने भरून गेली. "नाडी सोड," ते अंधारातून म्हणाले. "मी आसंय हयसर."

मी नाडी सोडली, पण झोपले नाही. पुढे दोनेक दिवसांनी मृणालिनी उठली आणि उघड्या डोळ्यांनी सरळ त्यांच्याकडेच चालत गेली. मी उठून धावेपर्यंत त्यांनी पडल्यापडल्याच हात वर करून तिचा पाय धरला होता. ओरडले नाहीत, तिला हलवलंही नाही. "नीज गो बाय, मी आसंय," एवढंच म्हणाले. ती तिथेच, त्यांच्या आतल्या बाजूला, अंग टाकून झोपली. त्यानंतर उन्हाळाभर मला झोप लागू लागली. लग्नाआधी लागायची तशी.

मृणालिनी त्यांना 'कडेचे काका' म्हणे, ते तिला 'चेडू' म्हणत, म्हणजे पोरगी. दुसऱ्या मजल्यावरच्या कुंदाताई हसत, "काय हो धोंडूकाका, रात्रपाळी गिरणीतली सुटली ती गच्चीवर सुरू झाली वाटतं!"

"होय तर. हयसर संप नाय," काका म्हणत.

दोन उन्हाळे असे गेले. तिसऱ्या वर्षी वर्गणी काढून सोसायटीने कठडा बांधायला घेतला. आम्ही सगळ्या आया खूश. गवंडी दिवसा बांधून जायचा, पण विटांना पाणी मारायला माणूस कोण? काकाच. गच्ची भिजवायची तशीच त्यांनी ती भिंत संध्याकाळ-संध्याकाळ भिजवली. भिंत पूर्ण झाली तेव्हा कुंदाताईंनीच नारळ आणला आणि म्हणाल्या, "काकांच्या हातून फोडा, इतकी वर्षं कठडा तेच होते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका लाजले. त्यांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं, मृणालिनीला मोठा तुकडा दिला.

त्याच रात्री ते वर आले तेव्हा कठड्यालगत ओळीने अंथरुणं पडली होती.

कोणाचं काय चुकलं? ती बाजू वाऱ्याची. इतके दिवस तिथे जायची भीती होती, आता उरली नव्हती. ज्याने आधी अंथरूण घातलं त्याची जागा, हा गच्चीचा नियमच. काका थोडा वेळ चटई काखेत धरून उभे राहिले आणि आले तसे जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी मी मृणालिनीला त्यांची चटई घेऊन उजेड असतानाच वर पाठवलं. रात्री बघते तर ती गुंडाळून टाकीपाशी ठेवलेली.

"कुंदाताई, ती काकांची चटई होती."

"अगं, मग ते होते कुठे? रिकामी चटई अडवून बसायची होय? आणि खरं सांगू का, आता कठडा झालाय. परका पुरुष कशाला बायकांमधे? ते मेंबर तरी आहेत का?"

"काल नारळ फोडायला चालले ते."

"तू पण ना! नारळाचं काय मधेच?"

आवाज चढला तसे खालून काकाच वर आले. त्यांनी चटई उचलली. "माझ्यापायी भांडू नकोस गो. माका खंयव झोप लागता."

लागत नव्हती. जिन्याखाली मीटरच्या खोक्यांशेजारी हवा नाही, मच्छर फोडून काढायचे. रात्री पाणी भरायला खाली गेले की ते पायरीवर बसलेले दिसायचे, पुठ्ठ्याने वारा घेत. मी म्हटलं, आमच्या घरात झोपा, आम्ही वरच असतो. ते हसले. दुसऱ्याच्या बंद घरात झोपणारा माणूस नव्हता तो. त्यांचे डोळे लाल असत. सुलक्षणा म्हणाली, चहाचा कप हातात घेऊनच पेंगतात हो.

मे संपत आला होता तेव्हा वर्कशॉपात मशीनवर त्यांना डुलकी लागली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

त्याच हाताने त्यांनी माझ्या मुलीचा पाय धरला होता.

हॉस्पिटलातून आले आणि गावी गेले. निघताना मृणालिनी त्यांच्या बँडेजकडे बघत राहिली, तर म्हणाले, "गावाक मोठा खळा आसा. थंयसर झकास झोप लागतली." खळा म्हणजे घरापुढचं अंगण. मला बरं वाटलं. म्हटलं, मोकळ्यावर झोपतील आता.

परवा शिवदासला मी तेच विचारलं. "झोपत होते ना रे अंगणात?"

तो पाण्याचा पेला फिरवत राहिला. "झोपायचे कुठे, वहिनी? दोनदा-तीनदा उठायचे. अंगणाच्या टोकापर्यंत हाताने चाचपत जायचे. आई म्हणायची, अहो, हयसर खंय कड आसा? तर म्हणायचे, चेडू उठला वाटता."

गच्चीवरची ती जागा आता रिकामीच असते. भिंत आल्यावर पडलेल्या माणसाला वारा लागेना, वर दिवसभराचं ऊन तिच्यात साठलेलं. महिनाभरात सगळ्यांनी अंथरुणं पुन्हा मधे ओढली होती. पण तोवर काकांची बोटं गेली होती.

परवा रात्री मृणालिनी उठली. दोन वर्षांत चालली नव्हती. आता ती नऊ वर्षांची आहे, मला वाटलं होतं की सुटलं ते. म्हणजे संध्याकाळी तिने ऐकलं होतं. मी तिच्या मागोमाग गेले, हात लावला नाही. ती अंथरुणांमधून वाट काढत पश्चिमेच्या कठड्याकडे गेली आणि उघड्या फरशीवर आडवी झाली. भिंतीला लागून नाही. भिंत आणि ती यांच्यामधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"काका, सरका ना जरा," ती म्हणाली.

मी त्या जागेत जाऊन आडवी झाले. "नीज," म्हटलं, "मी आहे." तिने डोळे न उघडताच हात पुढे केला, माझ्या बांगड्या तिच्या हाताला लागल्या, आणि तिने हात मागे घेतला.

भिंत तेव्हाही गरम होती.