नर्सिंगच्या अर्जाआधी एक वर्ष मावशी

नर्सिंगच्या अर्जाची शेवटची तारीख चार दिवसांवर आली होती आणि मी तो भरायचा नाही असं ठरवलं. मला तेहतीस पूर्ण झालेली, वयाची अट पस्तिशीची. म्हणजे यंदा आणि पुढच्या वर्षी, अशा दोनच संधी. त्यातली एक मी आपणहून सोडत होते, कारण आधी वर्षभर जळगावच्या एका खासगी दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करून बघायचं होतं.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून मी दोन्ही बाजू लिहिल्या होत्या. अर्ज लगेच भरण्याच्या बाजूने नऊ मुद्दे निघाले. पहिलाच वजनदार: प्रवेशाची यादी बारावीच्या गुणांवर लागते, मदतनीसाच्या कामाचे गुण कोणी धरत नाही. दुसऱ्या बाजूला एकच मुद्दा होता. मला उलटी बघवत नव्हती. मुलगी ओकली की मी दाराबाहेर जाऊन नवऱ्याला हाक मारायचे. शिक्षण अर्ध्यात टाकून पळून येण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

नवऱ्याने पान वाचलं. "नऊ जण एकट्यापुढे हरले?"

"तो एकटा खरा आहे," मी म्हणाले.

सासूबाई चोपड्याच्या, तोंडावर बोलणाऱ्या. "घरमा कप उचलाले सांगं का तोंड वाकडं करस, नि तठे लोकेसना भांडा उचलशी?"

पण दुसऱ्या दिवसापासून मुलीचा डबा आणि शाळा त्यांनीच अंगावर घेतली.

दवाखान्यात आम्हाला सगळे मावशी म्हणत. पहिल्या आठवड्यात पेशंटबरोबर मीही दोनदा ओकले. मग मी पद्धत बसवली. श्वास तोंडाने घ्यायचा, डाव्या हातात भांडं, उजवा पेशंटच्या पाठीवर, आणि नजर त्याच्या कानाकडे. कान कोणाचाही असो, त्याची किळस येत नाही. दिवाळीपर्यंत मी बेडपॅन धुऊन, हात स्वच्छ करून, कळण्याची भाकरी आणि ठेचा पोटभर खाऊ शकत होते. तो एक मुद्दा मी वहीत खोडला. आता प्रश्न उरला होता तो, मी निव्वळ भांडी उचलणारी आहे की मला यातलं काही कळतं, हा. त्याचं उत्तर पानावर मिळणार नव्हतं.

आमच्या मुख्य सिस्टरांचा एकच नियम होता: "मावशी, हात चालू, तोंड बंद." पेशंटला प्रश्न सिस्टरांनी विचारायचे, मदतनीसाने नाही.

एका सकाळी एरंडोलकडच्या एका आजींचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. रात्रीपासून तोंडात काही घालायचं नाही, असं त्यांना बजावलेलं. सिस्टरांनी विचारलं, "आजी, काही खाल्लं का?" आजींनी ठामपणे नाही म्हटलं. सूनही नाही म्हणाली. कागदावर खूण झाली.

मी आजींच्या हातातल्या बांगड्या काढत होते. थिएटरची ट्रॉली दाराशी येऊन उभी होती. आजी अभिमानाने म्हणाल्या, "आज मनी चतुर्थी शे. आपोआप उपास घडना."

माझा हात थांबला. चतुर्थीला आमच्याकडे कोणी पूर्ण उपाशी राहत नाही. आणि जळगाव जिल्ह्यात केळं खाणं म्हणजे खाणं, असं कोणी धरत नाही.

"आजी, फराळाचं काही घेतलं का?"

"दोन केयं, नि वाटीभर साबुदाना. ते काय खानं शे का, माय?"

"कधी?"

"आतेच. आंघोय करीसन."

सून मध्ये पडली. "अहो, उपवासाचं चालतं ना? जेवण कुठे दिलंय आम्ही?"

ट्रॉलीवाला म्हणाला, "मावशी, सरका, डॉक्टर थांबलेत." मी सरकले नाही. ट्रॉलीचा दांडा धरून उभी राहिले आणि सिस्टरांना हाक मारली, चांगली मोठ्याने. पोट भरलेलं असताना भूल दिली तर उलटी फुप्फुसात जाऊ शकते, एवढं मला सहा महिन्यांत कानावर पडून ठाऊक झालं होतं.

भूल देणारे डॉक्टर स्वतः खाली आले. आजींना विचारलं, आजींनी त्यांनाही तेच सांगितलं, वर साबुदाणा मऊ झाला होता हेही सांगितलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. सून माझ्यावर भडकली, तिच्या नवऱ्याने रजा काढली होती. मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट पार पडलं आणि आजी चार दिवसांनी आपल्या पायांनी रिक्षात बसल्या.

ऑपरेशन पुढे गेलं त्याच सकाळी मुख्य सिस्टरांनी मला टेबलाशी बोलावलं होतं.

"विचारायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"उद्यापासून विचारत जा." मग कोरा कागद पुढे सरकवला. "अजून काय काय खातात गं हे लोक न खाता?"

मी उभ्या उभ्या लिहिलं: केळं, साबुदाणा, भगर, शेंगदाणे, दूध, चहा, प्रसाद, तंबाखू. कागद प्लास्टिकमध्ये घालून टेबलामागे चिकटवला गेला. माझ्या अक्षरात.

आता नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या मुली मला विचारतात, आधी मदतनीस व्हावं का? सगळ्यांनी व्हावं असं मी म्हणत नाही. ज्यांना स्वतःबद्दल शंका आहे त्यांनी जरूर व्हावं.

जूनमध्ये अर्ज भरला. यादी धुळ्याच्या कॉलेजात लागणार होती. नवरा आणि मी पहिल्या एसटीने निघालो, पोचलो तेव्हा फलकासमोर गर्दी. तो उंच, मी बुटकी. तो वरून वाचू लागला, मी खालून. माझ्या नावापाशी आधी मी पोचले.