उषाबाईंची जहाजं

सुरतेच्या कोसाड वसाहतीत उषाबाई बडगुजरांचा दरारा होता तो रंगाच्या बाबतीत. साडी हातात घ्यायची, खिडकीशी न्यायची, एकदा डोळे बारीक करायचे, की रिळांच्या ढिगातून नेमकं तेच रीळ बाहेर. पोपटी म्हणजे कोणता पोपटी, कच्च्या कैरीचा की पिकायला आलेल्या पेरूचा, यावरून त्या दोरेवाल्याशी हुज्जत घालत आणि जिंकून घरी येत. सुरतेत साडीवर भरतकाम करणाऱ्याला नक्षी एकच मिळते, पण साड्या येतात सात-आठ रंगांच्या, आणि प्रत्येक रंगाला त्याच्या अंगावर शोभेल असा दोरा लावायचा असतो. याला धंद्यात मॅचिंग म्हणतात. मॅचिंग चुकलं की व्यापारी माल तोंडावर मारतो. उषाबाईंचा माल आजवर कुणी तोंडावर मारलेला नव्हता, आणि हे त्या आल्यागेल्याला ऐकवायच्यासुद्धा. ऐकवेनात का, कमावलेलं होतं त्यांनी.

पारोळ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन इथे आल्या तेव्हा त्यांच्या हाती आली होती फक्त कात्री. भरलेल्या साडीच्या मागच्या बाजूला लोंबणारे दोरे कापत बसायचं, दुसऱ्याच्या कारखान्यात, मान मोडेपर्यंत. धागा कापणाऱ्या बाईला तिथे नाव नसतं, मुकादम बोट करून बोलावतो. तशी कित्येक वर्षं काढून, नवरा लोटूभाऊ कापडाच्या लूमवर घाम गाळत होता त्यातलं थोडं थोडं बाजूला टाकून, त्यांनी जुनं भरतकामाचं मशीन घेतलं आणि पुढच्या खोलीत मांडलं. त्या दिवसापासून त्या मशीनवाल्या मावशी झाल्या. गल्लीतल्या सरलाबाई आणि आणखी चार बायका त्यांच्याकडे कामाला येऊ लागल्या, आणि तिथे बोट करून कुणाला बोलवायचं नाही असा उषाबाईंचा कायदा होता.

आता ते मशीन गप्प बसलं होतं. पर्वत पाटियाच्या ज्या व्यापाऱ्याचं काम वर्षानुवर्षं यायचं, त्याने सरळ सांगून टाकलं, की मावशी, यंदा सगळा माल प्रिंटचा, भरतकाम कुणी विचारत नाही. पितृपक्ष असल्यासारखं घर शांत. लोटूभाऊंनी मग परस्पर भूपेंद्रभाईंना गाठलं. हे भूपेंद्रभाई जुनी मशिनं विकत घेतात, त्यांचा टेम्पो गल्लीत शिरला की कुणाचा तरी धंदा बसला असं लोक समजतात. लोटूभाऊ दुष्ट नव्हते. लूमच्या खडखडाटात कान गेलेले आणि छाती गेलेली, पडून राहिलेलं मशीन रोज डोळ्यांसमोर, माणूस कावतोच. उषाबाई तावातावाने बोलायला लागल्या, तर त्यांनी घरच्या अहिराणीत एवढंच विचारलं, "मंग काय करशी? मशीननी पूजा करशी?" दिवाळीपर्यंत काम आलं तर ठीक, नाहीतर मशीन जाणार, असं ठरलं. मशीन गेलं तर उषाबाईंच्या हाती पुन्हा कात्री येणार होती.

वाट काढली ती हर्षदाने. ही त्यांची लेक इच्छापोरच्या एका माल-वाहतुकीच्या कंपनीत कंत्राटावर कारकुनी करायची. कंपनीचा वर्धापनदिन तोंडावर आला होता, आणि कामगारांना, गिऱ्हाइकांना वाटायला कंपनीच्या चिन्हाच्या टोप्या हव्या होत्या. दरवर्षी त्या अहमदाबादहून यायच्या. हर्षदाने घरी येऊन सांगितलं, की मम्मी, टोपीवर भरतकामच असतं, साडीपेक्षा सोपं, आणि हे काम प्रिंटवाल्यांच्या बापाला जमत नाही. शिवाय टोपीपाठोपाठ पिशव्या येतात, टी-शर्ट येतात, दर वर्षी येतात, आणि इच्छापोरमध्ये कंपन्यांचा तोटा नाही.

उषाबाईंनी आधी नाक मुरडलं. टोप्या काय, लग्नात वाटतात तसल्या? पण दुसऱ्याच दिवशी त्या टोपी पकडायची गोल फ्रेम शोधत बाजारभर फिरल्या. कंपनीचं चिन्ह म्हणजे एक निळं जहाज, खाली दोन लाटा. पांढऱ्या टोपीवर त्यांनी ते असं उतरवलं, की खरेदी बघणारे मंदार परचुरे साहेब नमुना बराच वेळ फिरवून बघत राहिले. हे परचुरे मूळचे सांगलीकडचे, बोलायला मऊ, कामाला चोख. म्हणाले, सगळ्या टोप्यांवर असंच काढा. टोप्या मात्र खात्याप्रमाणे वेगळ्या रंगांच्या होत्या. गोदामाची हिरवी, गाड्यांवरच्यांची केशरी, सुरक्षेवाल्यांची तांबडी, ऑफिसची पांढरी.

आता तुम्हीच सांगा, उषाबाईंसारख्या बाईसमोर हिरवी, केशरी आणि तांबडी टोपी ठेवल्यावर ती काय करणार? तिने मॅचिंग केलं. हिरव्या टोपीवर मोरपंखी जहाज, केशरीवर डाळिंबी, तांबडीवर सोनेरी जरीचं. एकेक दोरा खिडकीशी नेऊन बघितलेला. सरलाबाई म्हणाल्या, मावशी, या टोप्या घालून लग्नाला जावं. मशीन पुन्हा धडधडत होतं, घरात चहा दर थोड्या वेळाने उकळत होता, लोटूभाऊ येता-जाता टोपी उचलून बघत होते. आयुष्यात इतकं देखणं काम केलं नाही असं उषाबाईंना वाटलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. हर्षदाने बघितलं असतं तर तिला कळलं असतं, पण ती कामावर, आणि तिला एकदम थक्क करायचं म्हणून आईने गठ्ठे बांधूनच ठेवले होते.

इच्छापोरला परचुरे साहेबांसमोर गठ्ठे सुटले. त्यांनी हिरवी टोपी टेबलावर ठेवली, शेजारी केशरी, शेजारी तांबडी. ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाई, काम फार सुंदर आहे. पण आमचं जहाज निळं आहे. हिरव्या टोपीवर निळं, केशरीवरही निळं. ते शोभो न शोभो. माणसाने लांबून निळं जहाज बघितलं की आमची कंपनी ओळखायची, त्यासाठीच तर ते आहे."

नमुना पांढऱ्या टोपीचा होता, असंच काढा म्हणजे नक्षी अशीच काढा असं उषाबाईंनी धरलं होतं. साडीच्या धंद्यात दुसरं कुणी काही धरलंच नसतं. पण साहेबांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, आणि ते त्यांना ऐकताऐकताच पटलं. पटलं म्हणूनच जास्त लागलं. ज्या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता तिथेच माती खाल्ली होती. वर्धापनदिन आठवड्यावर आलेला. परचुरे साहेबांनी सांगितलं, की पांढऱ्या ठेवून घेतो, बाकीच्या दुरुस्त झाल्या तर आणा, नाहीतर मला नाइलाजाने अहमदाबादला फोन करावा लागेल.

रिक्षात गठ्ठ्यांवर हात ठेवून उषाबाई सगळा रस्ता रडत आल्या. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि गाणं बंद केलं. घरी लोटूभाऊंनी गठ्ठे परत आलेले बघितले आणि फोन घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. तो फोन कुणाला लागणार हे उषाबाईंना ठाऊक होतं.

भरलेलं उसवलं तर कापडाला सुयांची चाळण पडते, टोपी कामातून जाते. नव्या टोप्या आणायला हात रिकामा. सरलाबाई हळूच म्हणाल्या, की मावशी, साडीवर तेलाचा डाग पडला होता तेव्हा आपण काय केलं होतं? सुरतेतल्या कुठल्याही भरतकामवाल्याला विचारा, तो लाजून हसेल. साडीवर तेल सांडलं, छिद्र पडलं, तर तिथे एक जास्तीचा बुट्टा बसवायचा. साडी नेसणारीला वाटतं, वा, काय भरगच्च काम आहे. उषाबाईंनी डोळे पुसले. मांजरपाटाचा जाड तुकडा फ्रेमला ताणला आणि त्यावर जहाज काढलं, निळं, ठसठशीत निळं, जुन्या जहाजापेक्षा बोटभर मोठं. कडेने गच्च दोरा फिरवला, कापून घेतलं, आणि हिरव्या टोपीवरच्या मोरपंखी जहाजावर ठेवून बघितलं. खालचं पूर्ण झाकलं. वरचं टोपीवरून असं उठून आलं, की आता नांगर उचलून निघेल.

पण साडीतला बुट्टा गुपचूप बसवतात, आणि उषाबाईंना या वेळी गुपचूप काही करायचं नव्हतं. त्यांनी हर्षदाबरोबर टोपी पाठवली आणि निरोप दिला, की आतमध्ये आमची चूक आहे, वरून हे झाकलंय, चालणार असेल तरच करते. परचुरे साहेबांनी कड नखाने उचकटून बघितली, पाण्याखाली धरून बघितली. मग स्वतः फोन केला. "बाई, हे तर आधीच्या नमुन्यापेक्षा चांगलं आहे. करा सगळ्या."

मग काय विचारता. मशीन जहाजामागून जहाज काढू लागलं, पण भरलेल्या टोपीवर ते बसवायचं म्हणजे हातशिलाईच, दोन जहाजांच्या जाडीत मशीनची सुई मोडते. खानदेशात कानबाईच्या सणाला रोट करायला जमाव्यात तशा गल्लीतल्या बायका आपापल्या सुया घेऊन जमल्या. कुणी पोळ्या लाटून आली, कुणी नातवाला मांडीवर घेऊन बसली. हिंदी, गुजराती, अहिराणी, सगळ्या बोलींमधून एकमेकींची टिंगल चालली होती. सर्वांत जास्त टिंगल उषाबाईंच्या मॅचिंगची झाली, आणि त्यांनी ती मुकाट्याने ऐकून घेतली. लोटूभाऊ कट्ट्यावरून आत आले, मांडी ठोकून टोप्या रंगाप्रमाणे लावू लागले, आणि मग त्यांनीही सुई उचलली. लूमवर तुटलेले धागे जोडण्यात आयुष्य गेलं होतं त्यांचं, सुई त्यांच्याही हातात शोभली.

वर्धापनदिनाला हर्षदाने दोघांना पास काढून आत नेलं. कंपनीच्या मोठ्या आवारात माणसंच माणसं, हिरव्या टोप्या, केशरी टोप्या, तांबड्या टोप्या, आणि प्रत्येकीवर तेच निळं जहाज. आवाराच्या पार त्या टोकाच्या माणसाचंसुद्धा ओळखू येत होतं. परचुरे साहेब कशासाठी अडून बसले होते ते उषाबाईंना तेव्हा डोळ्यांनी कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. साहेब गर्दीतून वाट काढत आले ते शेजारच्या कंपनीच्या एका बाईंना घेऊन. त्या बाईंना असंच काम पिशव्यांवर हवं होतं, आणि साहेबांना स्वतःला दिवाळीच्या भेटीसाठी जॅकेटं हवी होती. उषाबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, चिन्हाचा रंग कोणता, आणि वर बजावलं, त्या रंगाचा तुकडा कागदावर चिकटवून द्या. साहेब मोठ्याने हसले. त्याही हसल्या.

इतक्यात लोटूभाऊंचा फोन वाजला. कानाने कमी म्हणून ते फोन नेहमीच मोठ्या आवाजावर ठेवायचे, त्यामुळे पलीकडचे भूपेंद्रभाई सगळ्यांना ऐकू आले. टेम्पो रिकामा आहे, आज संध्याकाळी मशीन उचलू का, असं ते विचारत होते. दिवाळी अजून व्हायची होती, पण गठ्ठे परत आले त्या दिवशी लोटूभाऊंनीच कट्ट्यावरून त्यांना शब्द दिलेला.

लोटूभाऊंनी डोक्यावरची केशरी टोपी नीट केली आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "भूपेंद्रभाई, मशीन विकायचं नाही. तुमच्या टेम्पोवाल्यांना दुकानाच्या नावाच्या टोप्या काढायच्या असतील तर बोला. घरधनीण माझ्या शेजारीच उभी आहे, देऊ का तिच्याकडे?"